चाक हळू पडलं ती जत्रा

लोकांना वाटतं, चक्रीच्या खेळात सगळी करामत गोळीची असते. सगळ्यांची नजर तिच्यावरच. मी मात्र बरीच वर्षं जत्रेजत्रेत चक्री फिरवली आहे, म्हणून सांगते, गोळी बिचारी जिकडे ढकलाल तिकडे जाते. खेळ असतो तो तिच्या खालच्या चाकाचा. चाक कोणत्या वेगानं फिरतंय त्यावर गोळी शहाण्यासारखी वागणार की वेड्यासारखी, हे ठरतं. चक्रीवाल्याला गोळी वेडीच हवी असते. ती शहाणी झाली की दुकान उठलं म्हणून समजा.

आता चक्री कोणी पाहिलेली नाही, म्हणून आधी ती समजावून सांगते. लाकडाचं एक मोठं ताट, बैलगाडीच्या चाकाहून थोडं लहान. त्यात पत्र्याच्या पट्ट्या उभ्या करून बारा घरं पाडलेली आणि प्रत्येक घरात रंगवलेलं एक चित्र. कोंबडा, हत्ती, सूर्य, मासा, मोर, कमळ अशी. आकडे नाहीत, कारण जत्रेला येणाऱ्या बहुतेकांना आकडे वाचता येत नव्हते. कोंबडा सगळ्यांना वाचता येतो. हे ताट म्हणजेच चाक, ते मधोमध एका लोखंडी खिळीवर फिरायचं. त्याच्याभोवती लाकडाचा उभा काठ, तो मात्र स्थिर. ताट एका अंगाला फिरवायचं आणि शिंगाची गोळी काठावरून उलट्या अंगाला सोडायची. पुढे जमिनीवर मेणकापड अंथरलेलं, त्यावरही तीच बारा चित्रं. गिऱ्हाइकानं पत्र्याची टिकली विकत घेऊन आपल्या आवडीच्या चित्रावर ठेवायची. गोळी काठावर फिरत असताना मी "बस!" म्हणेपर्यंत टिकली ठेवायची मुभा होती. गोळी त्या चित्रात विसावली तर बक्षीस. आरसा, फणी, साबण, काचेचा पेला, पितळी तांब्या, कंदील. रोख पैसे नाहीत. मामलेदार कचेरीतून परवानगी मिळायची तीच मुळी वस्तूंच्या खेळाला.

आता वेगाचं. चाक हळू असलं की गोळी काठावरून उतरते आणि जिथे पडते तिथेच बसते, खुराड्यात शिरलेल्या कोंबडीसारखी. चाक बेताच्या जोरात असलं की उतरणाऱ्या गोळीला पत्र्याची पट्टी थोबाडीत मारते, मग ती दोन-तीन घरं ओलांडून भलतीकडेच थांबते. ती कुठे जाईल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. आणि चाक फारच जोरात असलं तर गोळी उडून थेट गिऱ्हाइकांत जाते. मग ती शोधा, माफी मागा, टिकल्या परत करा.

ही विद्या माझी नव्हे, माझ्या यजमानांची. त्यांचं नाव हिरामण. ते असताना मी कधी त्यांचं नाव घेतलं नाही, आमच्यात ती रीत नव्हती. आज लिहिताना घेते आहे. आम्ही शहाद्याचे. तेव्हा हा सगळा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात होता आणि दुसरी मोठी लढाई अजून सुरू व्हायची होती. बैलगाडीत चाक घालून आम्ही तापीकाठच्या जत्रा करायचो. चाक फिरवावं तर यांनी. एकदा वाऱ्यासारखं, एकदा रेंगाळत, एकदा मधलंच. तोंडानं बोलणं चालू, हात आपल्या मर्जीनं चालू. माझं काम मागे बसून बक्षिसं पुसून मांडण्याचं आणि चुलीचं.

एका पावसाळ्यानंतर त्यांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडातून आवाज यायचा, शब्द यायचा नाही. वैदू झाले, दवाखाना झाला. अंगाला थोडी उभारी आली, पण उजवा हात खांद्याला लोंबकळतच राहिला आणि डावाही धड ताब्यात राहिला नाही, थरथरायचा. जत्रांचे दिवस आले तेव्हा मी गाडी जुंपायला सांगितली. माझा दीर म्हणाला, "वयनी, बाई मानूस चक्रीवर बठी तर लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "लोक म्हनतीन, कोंबडावर लावू का मासावर."

यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. ते माझ्यावर रागावले होते की स्वतःच्या हातावर, हे मला कळलं नाही. गाडीत बसले मात्र.

पहिली जत्रा तापीकाठच्या प्रकाशा गावची, महादेवाची. आम्ही नदीच्या अंगाला जागा धरली. यांना मी चाकाशेजारी पाठीशी वळकटी देऊन बसवलं आणि ताटाला हात घातला.

एक गोष्ट मात्र अशी घडली की जिचा विचार मी केलाच नव्हता. बायका येऊ लागल्या. हे चक्री फिरवायचे तेव्हा भोवती नुसती फेट्या-टोप्यांची गर्दी, बायका लांबून बघून पुढे जायच्या. आता चक्रीवर बाई बसलेली बघून त्या निर्धास्त पुढे आल्या, पदर सावरून मेणकापडाजवळ टेकल्या. एक म्हातारी होती कुठल्याशा खेड्याची. ती रोज यायची आणि नेहमी मोरावर टिकली ठेवायची. मी विचारलं, "माय, नेहमी मोर काब्र?" तर म्हणाली, "त्यावर कोनीच ठेवत नही. एकला पडस बिचारा." मोर तिला एकदाही पावला नाही. तिला परत पाठवायला हवं होतं, असं आज वाटतं. पण ती हरण्यासाठी येत नव्हती, मोराला सोबत द्यायला येत होती, अशी मी तेव्हा मनाची समजूत घालायचे.

सातपुड्यातून, तोरणमाळच्या बाजूनं आलेला पावरा जमातीचा एक गडी होता. खेळला नाही, नुसता बघत उभा. एकदा गोळी वाघाच्या घरात पडली तशी कपाळाला आठ्या घालून पुढे आला. मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाला, "वाघ देव शे. देवाला गोळी मारतस?" लोक हसले. तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रंगाऱ्याकडून वाघाच्या जागी आंबा काढून घेतला. तो परत आला, आंबा बघितला, आणि पहिल्यांदाच एक टिकली घेतली. ठेवली मात्र हत्तीवर.

असं बरं चाललं होतं. मग नथ्थू फिटर आला.

चाळिशीच्या आतबाहेरचा माणूस. उजव्या हाताची तीन बोटं नव्हती. कापसाच्या एका जिनात फिटर होता, तिथे पट्ट्यात हात गेला आणि नोकरी सुटली, हे मला नंतर कळलं. तो सकाळी येऊन चक्रीसमोर उकिडवा बसला आणि दुपारपर्यंत एकही टिकली न घेता नुसता बघत राहिला. मला वाटलं, रिकामा माणूस आहे. मग त्यानं एक टिकली घेतली. मी चाक फिरवलं, गोळी सोडली. तो थांबला. गोळी फिरते आहे, लोक टिकल्या ठेवताहेत, हा हातात टिकली धरून गप्प. मी "बस" म्हणायच्या आत त्यानं टिकली माशावर ठेवली. गोळी माशात.

जत्रेत असं होतंच. मी हसत त्याला फणी दिली. पुढच्या वेळी सूर्य, सूर्यच आला. मग एकदा चुकला. मग पुन्हा दोनदा बरोबर. दुसऱ्या दिवशी लोक त्याच्यावर डोळा ठेवून बसू लागले. तो टिकली ठेवायचा तिथे दहा हात पडायचे. तो हत्तीवर की सगळी जत्रा हत्तीवर. एकेका फेरीत पाच-सहा बक्षिसं जाऊ लागली. काचेचे पेले संपले, आरसे संपले. आमचं जे काही होतं ते त्या बक्षिसांत होतं. घरी दुसरं काही नव्हतं आणि ही जत्रांची सुरुवात होती.

हे शेजारी बसून बघत होते. त्यांच्या घशातून आवाज येऊ लागला. डावा हात हलवून मला काहीतरी सांगत होते. मी पाणी दिलं, त्यांनी ते सांडलं. पांघरूण दिलं, फेकलं. शेवटी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, चक्री बुडताना बघवत नाही म्हणून रडताहेत. ते मला चाक शिकवत होते आणि मला ते समजत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गडबड झाली. आमच्या बाजूला मिठाईचं दुकान होतं, झुंबरशेठचं. आमच्याकडची गर्दी बघून त्याला आधी आनंद झाला होता, पण सगळे लोक चक्रीवर खिळले म्हणून जिलबी पडून राहू लागली. त्यानं जत्रेतल्या हवालदाराला बोलावून आणलं. "हा मानूस मूठ मारस. चाक बांधी ठेयेल शे त्यानी." कोणी म्हणालं, लोहचुंबक असेल. नथ्थूला धरून उभं केलं, झडती घेतली. चुंबक निघालं नाही, आणि निघालं असतं तरी शिंगाच्या गोळीला काय करणार होतं? तेवढ्यात कोणीतरी त्याला मागून ढकललं. तो मेणकापडावर पडला, टिकल्या उधळल्या. लोकांना जोर चढला. कालपर्यंत त्याच्या मागोमाग टिकल्या ठेवणारेच आता "मारा" म्हणू लागले.

हवालदारानं त्याचे हात मागे बांधले. मग माझ्याकडे वळला. "बाई, तुम्ही एवढंच म्हणा, की हा लबाडी करत होता. याच्याकडचा सगळा माल तुम्हाला परत मिळेल. पुढचं मी बघतो."

झुंबरशेठ म्हणाला, "म्हन ना, केशर! तुन्हंच भलं शे."

मी नथ्थूकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. मान खाली घालून दोरी सैल होते का ते चाचपत होता, पण उरलेल्या दोन बोटांना गाठ सापडत नव्हती.

मी काही मोठी सत्यवादी बाई नाही. घरी वाटी फुटली तर मांजरावर ढकलणारी आहे. पण मला कळत होतं, की या माणसानं चाकाला हात लावला नाही, गोळीला हात लावला नाही. माझ्यासमोर बसला, माझ्यासारखंच सगळं बघितलं आणि माझ्याहून जास्त दिसलं. जिंकलेल्याला चोर म्हटलं तर उद्या माझ्या चक्रीवर टिकली ठेवायची कोणी आणि का?

मी म्हटलं, "साहेब, त्यानं लबाडी नाही केली. चाक मी फिरवते, गोळी मी सोडते. तो नुसता बघतो. बघायला माझी बंदी नाही."

"विचार करून बोला, बाई."

"केला विचार. दोरी सोडा त्याची."

हवालदार चिडला, पण तक्रारच नाही म्हटल्यावर त्याला काही करता येईना. दोरी सोडून तो निघून गेला. झुंबरशेठनं पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. गर्दी पांगली. नथ्थू मनगटं चोळत तिथेच बसून राहिला. मग उठून गेला आणि एक गोणी घेऊन परत आला. त्यात त्यानं जिंकलेला माल होता. काही विकला होता, बाकीचा तसाच.

"ल्या, वयनी."

मी म्हटलं, "जिंकेल वस्तू मी परत लेत नही. चक्रीनी अब्रू जास."

तो गोणी तशीच पायाशी ठेवून उभा राहिला. मग त्यानं यांच्याकडे बघितलं. हे अजून डावा हात हवेत गोल फिरवत होते, घशातून आवाज काढत होते. नथ्थू त्यांच्यासमोर बसला आणि थोडा वेळ तो हात बघत राहिला. मग मला म्हणाला, "वयनी, भाऊ पानी नही मांगी ऱ्हायनात. त्या सांगी ऱ्हायनात, चाक हयू पडस."

यांनी हात खाली ठेवला आणि डोळे मिटले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचं म्हणणं कोणाला तरी कळलं होतं.

मग नथ्थूनं मला सगळं उलगडून सांगितलं. माझं चाक हळू होतं ही एक गोष्ट. खिळीवर जुन्या तेलाची चिकट काट चढली होती, आणि हातातही यांच्यासारखा जोर नव्हता. त्यामुळे गोळी पडेल तिथे बसायची. पण त्याहून मोठी गोष्ट दुसरीच. "तुम्हना हात खरा शे, वयनी. दर खेपले तितकाच जोर. चाक तितकंच फिरस, गोयी बी तितकीच फिरस. गोयी सुटताना तुम्हना समोर कोनतं चित्र शे, तेवढं मी दखस. तेथून मोजी लेस. बस."

मी ताटाला हात लावून बघितला आणि मला उमगलं. लहानपणापासून जात्यावर बसलेला हात तो. जातं एका चालीत फिरलं तरच पीठ बरं पडतं. तीच चाल माझ्या अंगात मुरलेली. माझ्या आईनं, सासूनं जिचं कौतुक केलं ती चाल चक्रीला बुडवत होती.

नथ्थूनं ताट उचलून खिळीवरची काट घासली, चरबी घातली. ताट हलकं झालं. मी जोर लावला. पहिल्याच फेरीत गोळी उडाली आणि एका पाटलाच्या फेट्यात जाऊन बसली. पाटील भला माणूस, फेटा झटकून गोळी परत देत म्हणाला, "बक्षीस काय माले?" त्याला मी साबण दिला. मग जोर बेतात आणला. गोळी आता पट्ट्यांवर आपटून उड्या मारू लागली. नथ्थूचे अंदाज चुकू लागले, पण सगळे नाही. दहा-बारा फेऱ्या झाल्या, की माझं लक्ष गिऱ्हाइकांकडे जायचं आणि हात आपोआप जात्याच्या चालीवर यायचा. चाक वेगानं फिरायचं, पण दर वेळी त्याच वेगानं. नथ्थू खिन्नपणे म्हणायचा, "वयनी, परत सापडनात."

हे सगळं चाललं असताना यांनी डावा हात पुढे केला. पंजा उघडा, वर केलेला. मला वाटलं, सावरून बसवायला सांगताहेत. त्यांनी मान हलवली आणि गोळीकडे बोट दाखवलं.

ज्या हातानं नीट घास उचलता येत नव्हता त्या हातात मी गोळी ठेवायची? लोक बघत होते. पडली तर हसतील आणि यांना ते सोसणार नाही, ही मला भीती. पण पंजा मागे जाईना. मी गोळी दिली आणि त्यांची वळकटी सरकवून त्यांना काठाजवळ घेतलं. ताट फिरवलं.

त्यांनी गोळी सोडली. सोडली म्हणजे थरथरत निसटू दिली. ती काठावर सरळ धावलीच नाही. ठेचकाळत, उसळत गेली. दोन फेरे झाले न झाले तोच ताटात घसरली, एका पट्टीवर आपटली, दुसऱ्या पट्टीवर आपटली आणि कमळात बसली. नथ्थूची टिकली हत्तीवर होती.

"परत," नथ्थू म्हणाला.

या वेळी गोळी फिरतच राहिली. कुठून एवढा जोर आला हातात, कोण जाणे. नथ्थूनं टिकली कोंबड्यावरून उचलून सूर्यावर नेली, पुन्हा कोंबड्यावर आणली. मी "बस" म्हटलं. गोळी माशात.

तो पुन्हा खेळला, पुन्हा हरला. जितक्यांदा खेळला तितक्यांदा यांचा हात वेगळा. कारण तो हात यांच्याही ताब्यात नव्हता. ठरवून कोणी चुकवायला गेलं तर त्या चुकवण्यालाही एक चाल येते, असं नथ्थू म्हणायचा. या हाताला कसलीच चाल नव्हती.

शेवटी त्यानं मेणकापडावरून हात उचलला आणि मोठ्यानं हसला. हरून इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं. "भाऊ, तुम्हनापुढे मन्हा डोया काही काम करत नही!"

हे हसले. अर्ध्या तोंडानं, वाकडं, पण हसले. लकवा झाल्यापासून मी ते पाहिलं नव्हतं. मी ताट धरून तशीच बसून राहिले, गिऱ्हाईक टिकल्या मागत होतं तरी.

त्या जत्रेत आमचं नुकसान भरून निघालं नाही. पण पुढच्या जत्रेला माल भरण्याइतपत जमलं. तिथून पुढे आम्ही दोघं मिळून चक्री चालवायचो. चाक माझं, गोळी त्यांची. बायका यांना "भाऊ, मन्हाकडे धाडा गोयी" म्हणायच्या आणि हे डोळा मिचकावून भलतीकडेच धाडायचे, जणू ते त्यांच्या हातात होतं. बोलणं थोडंथोडं परत आलं, हात मात्र नाही. ते होते तोवर चक्री होती. लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, बक्षिसाच्या वस्तू मिळेनात, जत्राही बारीक झाल्या. त्याच सुमारास ते गेले. मग मी चाक लाकूडकाम करणाऱ्या एका खरादीला दिलं. त्यानं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

नथ्थू दोन वर्षं आमच्या गाडीबरोबर फिरला. खिळीला चरबी, गाडीच्या चाकाला वंगण, बैलांचं वैरणपाणी, सगळं बघायचा. पुढे एका ऊस गाळणाऱ्यानं त्याला चरकावर ठेवलं. तिथे बोटांपेक्षा कान लागतो, म्हणायचा, चरक कुठे कुरकुरतो ते ऐकायला. त्यानं घर बांधलं, दोन मुलींची लग्नं केली. हे गेले तेव्हा भेटायला आला. सुतकातलं घर. मी त्याला विचारलं, "नथ्थूभाऊ, तवय तुम्ही माले सम्दं सांगी टाकं. गुपचूप ऱ्हाता तर वर्सभर जिंकता. काब्र सांगं?"

त्यानं उंबऱ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "वयनी, जिनमा मन्हा हात गया, तवय साहेबनी इचारं, चूक कोनी? पट्टाले जाळी नव्हती हाई सम्दासले मालूम व्हतं. मन्हासंगे काम करनारा उभा व्हतात. एक बी बोलना नही. मन्हीच चूक लिखी टाकी." त्यानं हात मांडीवर पालथा ठेवला. "प्रकाशामा हवालदारनी तुम्हले इचारं, तवय मी मान खाले घाली ली व्हती. माले वाटनं, परत तेच शे."

 मी आत जाऊन चूल पेटवली आणि चहाचं आधण ठेवलं. सुतकात आमच्याकडे चूल पेटवत नाहीत. पण तो लांबून चालत आला होता.